चार बोटांचें अंतर

“मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे,” एवढें म्हटलें कीं आपल्याकडे बहुधा वाद मिटतो. ऐकीव गोष्टीची किंमत कमी आणि पाहिलेल्या गोष्टीची अधिक, हा भेद आपल्या भाषेनें चार बोटांनीं मोजून ठेविला आहे. खरें आणि खोटें यांत अंतर चार बोटांचें, म्हणजे डोळा आणि कान यांत जेवढें असतें तेवढेंच, असें जुनीं माणसें सांगत आलीं. न्यायासनापुढें प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला जें महत्त्व मिळतें त्याच्या मुळाशींही हीच समजूत आहे. साक्षीदार लोभी नसला, भ्यालेला नसला, आणि त्यानें पाहिलें तेंच सांगितलें, म्हणजे त्याचें कर्तव्य संपलें असें आपण धरून चालतों.

ही समजूत कितपत खरी आहे, आणि मनापासून वाटलें तें सांगितलें म्हणजे सत्याचें ऋण फिटतें काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न नीतीचा खरा. परंतु त्याचा विचार शारीरशास्त्राच्या एका लहानशा कोपऱ्यापासून सुरू करणें सोईचें होईल. डोळ्यांच्या अनैच्छिक हालचाली, शरीराचा तोल आणि गतीचें दर्शन ह्या तिहींचा परस्परांशीं काय संबंध आहे, ह्याचा शोध दोनशेंहून अधिक वर्षें चालू आहे. आणि त्या शोधानें आपल्या ह्या म्हणीला अनपेक्षित अर्थ प्राप्त करून दिला आहे.

वाचकांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. हें पान स्थिर धरून, नकार देतांना हलवितों तशी मान डावी-उजवीकडे भराभर हलवावी; अक्षरें वाचतां येतात. मग मान स्थिर ठेवून पानच तितक्या वेगानें हलवावें. अक्षरें एकमेकांत मिसळून जातात. पान आणि डोकें यांची परस्परांशीं गति दोन्ही वेळां सारखीच असतां हा फरक कां पडावा? कारण असें कीं, मान हलते तेव्हां तिची वार्ता कान डोळ्याला देतो. कानाच्या अगदीं आंतल्या भागांत, हाडांत कोरलेल्या पोकळींत, तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशीं जवळजवळ काटकोन करून बसलेल्या आहेत. त्यांत द्रव असतो. डोकें फिरलें कीं नलिका फिरते. द्रव मात्र जडत्वामुळें किंचित् मागें राहतो, आणि त्या मागें राहण्यानें आंतील केसांसारखे सूक्ष्म तंतु वांकतात. ही वार्ता मज्जापेशींच्या अवघ्या तीन टप्प्यांनीं डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोंचते, आणि डोकें जितकें उजवीकडे जाईल तितकाच डोळा डावीकडे वळतो. ह्या सर्व व्यवहाराला सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वेळ लागतो. पान हलतें तेव्हां मात्र अशी वार्ता देणारा कोणी नसतो, आणि एकट्या डोळ्याला तो वेग साधत नाहीं.

ह्या मूक चाकरीची किंमत ती बंद पडल्यावर कळते. १९५२ सालीं एका वैद्यानें, नांव न देतां केवळ आद्याक्षरें देऊन, एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःची हकीकत प्रसिद्ध केली. स्ट्रेप्टोमायसिन ह्या क्षयावरील औषधानें त्याच्या कानांतील तोलाचीं इंद्रियें निकामी झालीं होतीं. अंथरुणांत पडून वाचतांना नाडीच्या ठोक्यासरशीं डोकें जें सूक्ष्म हालत असे, तेवढ्यानेंही अक्षरें उड्या मारूं लागत. म्हणून पलंगाच्या उशाकडील दोन गजांमध्यें डोकें टेकवून तो वाचीत असे. रस्त्यानें चालतांना समोरून ओळखीचा मनुष्य आला, तरी थांबल्याखेरीज त्याचा चेहरा ओळखूं येत नसे. डोळे जागेवर होते. त्यांना स्थिर ठेवणारा नाहींसा झाला होता.

तेव्हां जग स्थिर दिसतें ही जगाचीच स्थिति होय असें आपण समजतों खरें, परंतु तें देहानें क्षणोक्षणीं केलेल्या वजाबाकीचें उत्तर असतें. आपली गति दृश्यांतून वजा होते, आणि जी बाकी उरते तिला आपण जग म्हणतों. ही वजाबाकी आपल्याला न विचारतां होते, म्हणून ती झाली हेंच आपल्याला ठाऊक नसतें.

परंतु जो वजा करतो तो चुकूंही शकतो. मुली फुगडी घालतां घालतां एकदम थांबतात, तेव्हां त्यांच्याभोंवतीं अंगण फिरूं लागतें. फिरणें चालू असतां नलिकांतील द्रव हळूहळू नलिकेच्याच वेगानें फिरूं लागलेला असतो. शरीर थांबलें तरी तो लगेच थांबत नाहीं, आणि कान डोळ्याला उलट दिशेच्या गतीची वार्ता देत राहतो. डोळे त्या वार्तेवर विश्वासून एका बाजूला सावकाश सरकतात, झटक्यानें परत येतात, पुन्हां सरकतात. वैद्यकांत ह्याला निस्टॅग्मस म्हणतात. आपण नेत्रदोल म्हणूं. त्या मुलीला विचारावें, तर अंगणच फिरत आहे असें ती शपथेवर सांगेल. १७९२ सालीं विल्यम वेल्स ह्या वैद्यानें ह्याची मोठी चतुर परीक्षा केली. ज्योतीकडे टक लावून पाहिल्यावर तिची जी आकृति डोळ्यांत रेंगाळते, ती घेऊन तो स्वतःभोंवतीं फिरला; आणि थांबल्यावर त्या आकृतीच्या सरकण्यावरून त्यानें ताडलें कीं, आपण स्थिर समजत असलेली नजर वस्तुतः हलत आहे. पाहणाऱ्यानें आपल्याच पाहण्यावर पहारा ठेवावा, याचें ह्याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

पुढें १८२४ सालीं फ्रान्समध्यें प्येर फ्लूरांस यानें कबुतरांच्या कानांतील ह्या नलिका एकेक करून छेदल्या. जी नलिका छेदावी तिच्याच पातळींत त्या पांखराचें डोकें झोंके खाऊं लागे. १८७३ ते १८७५ ह्या काळांत अर्न्स्ट माख, योसेफ ब्रॉयर आणि अलेक्झांडर क्रम ब्राउन हे तिघे एकमेकांवर अवलंबून न राहतां नलिका आणि द्रव यांच्या उपपत्तीपर्यंत पोहोंचले. हा इतिहास मनोरंजक आहे. परंतु नीतीच्या दृष्टीनें त्यांतील दोनच प्रसंग येथें घेतों.

पहिला प्रसंग पॅरिसचा. एकाएकीं भोवळ येऊन कोसळणारा, ओकारीनें हैराण झालेला, कानांत गुणगुण होते म्हणून सांगणारा रोगी आला, कीं मेंदूंत रक्त सांचलें असें निदान करून त्याचें रक्त काढण्याची तेव्हां वहिवाट होती. कानाची तक्रार अवांतर म्हणून बाजूला पडे. प्रॉस्पेर मेनिएर हा मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्य. कानाबद्दल कोणी कांहीं सांगितलें तर तें ऐकून घेण्याची त्याला संवय होती. भोवळीचें मूळ मेंदूंत नसून आंतल्या कानांत असूं शकतें, हें त्यानें १८६१ सालीं विद्वानांपुढें मांडलें. पुढच्याच वर्षीं तो वारला.

दुसरा प्रसंग व्हिएन्नाचा, विसाव्या शतकाच्या आरंभींचा. रॉबर्ट बारानी हा तरुण वैद्य रोग्यांचे कान पाण्यानें धुवीत असे, आणि पुष्कळांना त्यानें भोवळ येई. एकदां एक रोगी म्हणाला कीं, पाणी पुरेसें ऊन नसलें म्हणजेच मला घेरी येते; घरीं मी ऊन पाणी वापरतों तेव्हां कांहीं होत नाहीं. बारानीनें परिचारिकेला अधिक ऊन पाणी आणावयास सांगितलें. तिनें उत्तर दिलें कीं पाणी पुरेसें ऊनच आहे. त्यावर बारानी म्हणाला कीं, रोग्याला जर तें थंड वाटत असेल तर आपण त्याच्या म्हणण्याप्रमाणें वागलें पाहिजे. पुढच्या खेपेस पाणी फारच कढत आलें. रोगी ओरडला कीं आतां हें अति झालें, आणि मला पुन्हां घेरी येत आहे. बारानीनें तत्काळ त्याच्या डोळ्यांकडे पाहिलें. नेत्रदोल होता, परंतु थंड पाण्यानें होई त्याच्या बरोबर उलट दिशेचा. त्या एका क्षणांत त्याला सुचलें कीं ऊन-थंडपणानें नलिकांतील द्रव वरखालीं वाहूं लागत असला पाहिजे. ह्या कार्याबद्दल त्याला १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि ती बातमी त्याला युद्धकैदी म्हणून रशियन छावणींत असतांना कळली. १९८३ सालीं अंतराळांत, जेथें भाराच्या अभावीं असा प्रवाह संभवत नाहीं, तेथेंही हा नेत्रदोल दिसून आला. म्हणजे बारानीची उपपत्ति कांहीं अंशीं अपुरी ठरली; रोग्याची तक्रार मात्र आजही तशीच उभी आहे.

“खोली फिरते आहे,” असें रोगी म्हणतो तेव्हां तो खरें बोलतो कीं खोटें? खोलीविषयींचें विधान म्हणून तें खोटें आहे. बोलणाराविषयींची साक्ष म्हणून तें पूर्ण खरें आहे. खोली फिरते असें मानणारा वैद्य मूर्ख ठरला असता, आणि रोग्याला ढोंगी म्हणणारा निर्दय ठरला असता. साक्ष ज्या गोष्टीबद्दल दिली जाते त्याच गोष्टीबद्दल ती खरी असते असें नाहीं, हें ज्याला समजलें त्यालाच ह्या दोन्ही चुका टाळतां आल्या.

आपल्या देशांतील प्राचीन तार्किकांनीं ह्या गोष्टीचा विचार केला होता. सातव्या शतकांतील बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें ‘न्यायबिंदु’ ग्रंथांत प्रत्यक्षाचें लक्षण करतांना भ्रम उत्पन्न करणारीं कारणें गणलीं आहेत: डोळ्यांतील तिमिर, वेगानें फिरविलेलें कोलीत, नावेंतून जाणें, आणि शरीरांतील दोषांचा क्षोभ. टीकाकार धर्मोत्तर यानें ह्यांचीं स्थानेंही वेगवेगळीं दाखविलीं: पहिलें कारण इंद्रियांत, दुसरें विषयांत, तिसरें पाहणारा जेथें उभा आहे त्या बाह्य आधारांत, आणि चौथें देहाच्या आंत. तिसरें कारण विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. नावेंतल्या मनुष्याचे डोळे निर्मळ आहेत, किनाऱ्यावरचीं झाडें निर्दोष आहेत, प्रकृति उत्तम आहे. तरी त्याला झाडें चालतांना दिसतात. दोष केवळ त्याच्या बैठकीचा. आणि हाच नावेचा दृष्टांत आर्यभटानें इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथांत उपयोगांत आणला. नावेंतल्या माणसाला अचल वस्तु मागें जातांना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जातांना दिसतात, असें त्यानें लिहिलें. एकानें जो दृष्टांत भ्रमाचें उदाहरण म्हणून दिला, त्याच्याच आधारें त्याच्याही पूर्वीं दुसऱ्यानें पृथ्वीचें फिरणें समजावून दिलें होतें. आपली बैठक हलत असेल अशी शंका घेण्यानें ज्ञान वाढतें, याला ह्याहून मोठा दाखला कोणता?

ही शंका न घेतल्यास काय होतें, तें वैमानिकांच्या अनुभवावरून दिसेल. ढगांत शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसत नाहीं. विमान सावकाश एका अंगाला कलून वळत राहिलें, तर थोड्या वेळानें कानाला तें वळण कळेनासें होतें, आणि आपण सरळ जात आहों असें त्याला मनापासून वाटतें. विमान खरोखर सरळ केलें कीं त्याला वाटतें आपण उलट अंगाला वळत आहों. म्हणून तो पुन्हां पहिल्याच वळणांत शिरतो, आणि तें वळण आवळत आवळत जमिनीला जाऊन भिडतें. १९२६ सालीं विल्यम ऑकर ह्या अनुभवी अमेरिकन लष्करी वैमानिकाला एका वैद्यानें डोळे झांकून बारानीच्या नांवाच्या फिरत्या खुर्चींत बसविलें. खुर्ची कोणत्या दिशेस फिरते हें त्याला सांगतां येईना. ती मंदावली कीं ती उलट फिरत आहे असें तो सांगे. ऑकर रागावला नाहीं. तो पुन्हां आला तो एका पेटीत वळण दाखविणारें यंत्र बसवून. त्यांत पाहून त्यानें प्रत्येक उत्तर बरोबर दिलें. पुढें २४ सप्टेंबर १९२९ रोजीं जेम्स डूलिटल यानें बैठकीवर आच्छादन घालून, बाहेरचें कांहींएक न पाहतां, केवळ यंत्रांच्या आधारें विमान उडविलें, फिरविलें आणि उतरविलें.

त्या काळापूर्वीं ढगांत जे प्राणाला मुकले, त्यांच्यांत स्वतःशीं खोटें बोलणारा बहुधा एकही नसेल. प्रत्येकजण आपल्या अंतरीच्या साक्षीशीं शेवटपर्यंत इमानी राहिला, आणि त्या इमानानेंच त्याचा घात झाला. यावरून आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ शब्दापासून झाला आहे, आणि प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचें साधन. जो प्रमाणाला धरून चालतो तो प्रामाणिक, असा त्याचा मूळ अर्थ. व्यवहारांत आपण तो आकसून ‘मनांत एक, ओठांत दुसरें नसलेला’ एवढ्यावर आणून ठेविला. मनांतलें ओठांवर आणणें हें सत्यनिष्ठेचें अर्धें काम. मनांत जें आलें तें कोणत्या बैठकीवरून आलें, याची चौकशी हें उरलेलें अर्धें.

घरगुती व्यवहारांत ह्याचा प्रत्यय रोज येतो. मुलगा दूर गेला असें बाप म्हणतो. बाप दूर गेला असें मुलगा म्हणतो. आणि दोघेही खरें तेंच सांगत असतात, कारण दोघांनाही तसेंच दिसत असतें. शेजारच्या रुळावरची गाडी सुटली कीं आपलीच सुटली असें वाटतें, आणि आपली सुटली कीं शेजारची. फलाटाचा खांब पाहिल्याखेरीज निकाल लागत नाहीं. वादांत मात्र खांबाकडे पाहण्याची बुद्धि कोणाला होत नाहीं. जो तो शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवितो.

येथें कोणी म्हणेल कीं, अशा रीतीनें स्वतःच्या अनुभवावरचा विश्वास उडाला तर मनुष्य कशाच्या आधारें उभा राहील? ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर देहाच्या रचनेंतच सांपडतें. तोल सांभाळण्याचें काम निसर्गानें एका साक्षीदारावर सोंपविलेलें नाहीं. डोळा, आंतला कान, आणि पायांचे तळवे व सांधे असे निदान तिघे त्याला नेमलेले आहेत. त्यांच्या जबान्या जुळेनाशा झाल्या कीं देहाला त्रास होतो. कोंकणच्या आगबोटींच्या काळांत ‘बोट लागणें’ हा शब्द घरोघर होता. तळच्या मजल्यावर बसलेल्या उतारूला डोळा सांगे कीं भिंती स्थिर आहेत, आणि कान सांगे कीं सर्व हेलकावत आहे. ह्या विसंवादाचीच ती मळमळ. अमेरिकेंतील तत्त्ववेत्ता विल्यम जेम्स यानें १८८२ सालीं ५१९ मूकबधिरांची पाहणी प्रसिद्ध केली. गरगर फिरविलें असतां त्यांपैकीं १८६ जणांना मुळींच भोवळ आली नाहीं. उलट सुमारें दोनशें विद्यार्थी व शिक्षक तपासले त्यांत न येणारा एकच निघाला. ज्यांच्या कानांतील हें इंद्रिय निकामी झालेलें असतें त्यांना बोट लागत नाहीं. परंतु पाण्याखालीं बुडी मारली असतां वर कोणतें आणि खालीं कोणतें हें त्यांच्यांतील कित्येकांना कळत नसे. म्हणजे भोवळ ही दुःखद असली तरी आपले साक्षीदार जिवंत असल्याची ती खूण आहे. ज्याला आपल्या मताविषयीं कधींच अस्वस्थता वाटत नाहीं, त्यानें एखाद्या साक्षीदाराचें तोंड बंद तर केलेलें नाहीं ना, हें पाहावें.

तथापि ह्या विचारांत एक मोठा धोका आहे, आणि तो सांगितल्यावांचून लेख पुरा करणें बरें नव्हे. “तुला भोवळ आली आहे, जग स्थिरच आहे,” हें वाक्य बलवानाच्या हातांतील फार सोईचें हत्यार आहे. सून तक्रार करते तेव्हां, नोकर गाऱ्हाणें सांगतो तेव्हां, रोगी कण्हतो तेव्हां, हेंच वाक्य निरनिराळ्या शब्दांनीं त्यांच्या तोंडावर फेंकलें जातें. पाणी पुरेसें ऊनच आहे, असें म्हणणारी ती परिचारिका खोटें बोलत नव्हती. तिच्या हाताला तें तसेंच लागलें असेल. परंतु कान तिचा नव्हता. म्हणून ह्या संशयाचा उपयोग कोणत्या क्रमानें करावयाचा, याला नीतींत सर्वांत अधिक महत्त्व आहे. वैमानिकानें स्वतःच्या संवेदनेवर संशय घ्यावा. वैद्यानें रोग्याच्या संवेदनेला आधीं जागा द्यावी. स्वतःची साक्ष तपासावी कठोरपणें, आणि दुसऱ्याची ऐकावी धीरानें. बहुतेक कलहांत आपण ह्याच्या नेमकें उलट करीत असतों.

राहतां राहिला प्रश्न असा कीं, वैमानिकाजवळ यंत्र असतें, संसारांत तसें यंत्र कोठून आणावें? अगदीं अचूक असें तें कोठेंच मिळत नाहीं. वैमानिकसुद्धां एका यंत्रावर विसंबत नाहीं, दोन-तीन ताडून पाहतो, आणि तीं निरभ्र आकाशांत पारखून घेतलेलीं असतात. राग नसतांना ठरविलेला नियम, दोघांनाही मान्य असलेला तिऱ्हाईत, त्या दिवशीं लिहून ठेविलेली चार ओळींची नोंद, हीं आपलीं ओबडधोबड यंत्रें आहेत. आणि हींही नसलीं तर फुगडी घालणाऱ्या मुलींना जें ठाऊक आहे तें आपण करावें. अंगण फिरूं लागलें कीं त्या त्याच्याशीं भांडत नाहींत. खालीं बसतात, आणि द्रव निवण्याची वाट पाहतात. थोड्या वेळानें अंगण आपोआप जागेवर येतें.

म्हणीची गोष्ट मात्र आतां थोडी बदलून सांगावी लागेल. डोळा आणि कान यांत अंतर चार बोटांचें आहे हें खरें. परंतु त्याच चार बोटांच्या अंतरांत, हाडाच्या आड, तें इंद्रिय बसलेलें आहे ज्याच्यामुळें डोळ्याला नीट पाहतां येतें. “मीं डोळ्यांनीं पाहिलें” असें जो म्हणतो, त्यानें तें कानाच्या भरंवशावर पाहिलेलें असतें. तेव्हां ही शपथ घेण्यापूर्वीं, क्षणभर थांबून, ऐकून घ्यावें हें बरें.